अर्धं सुकाणू

श्रावण निम्मा सरला की पिंपरीच्या बाजारात नारळांचे ढीग वाढतात. समुद्र इथून सबंध घाट उतरल्यावर लागतो, आणि नारळ घेणाऱ्यांतल्या बहुतेकांनी तो सहलीतच पाहिलेला असतो. तरी नारळीभातापुरती सगळ्यांना पुनव आठवते. मीही एक नारळ घेतो. हलवतो, कानाशी धरतो, विकणाऱ्याला त्याच्या मालातल्या चार खोट्या खोडी सांगतो आणि तो वैतागला की पुढच्या ढिगाकडे चालू लागतो. मग तो हाक मारतोच. नारळ घरी आणून मी फोडतो आणि खातो. कोळ्याच्या घरात जन्मून पुनवेचा नारळ समुद्राला न देता स्वतः खाणारा मी एकटाच असेन. समुद्राला काही द्यावं असं मला वाटत नाही. ज्याच्याशी घासाघीस करता येत नाही, त्याच्याशी मी व्यवहार ठेवत नाही.

माझी चिंचवडला लाकडाची वखार आहे. जुन्या होड्यांचं लाकूड हवं असेल तर लोक माझ्याकडे येतात. पूर्वी कारखानदार यायचे, आता हॉटेलवाले येतात आणि मारुंजीकडे नवी घरं बांधणारे येतात. भिंतीवर लावायला त्यांना मचव्याची फळी हवी असते, जितकी जुनी आणि खाल्लेली तितकी चांगली. किनाऱ्यावर ज्या फळीला मी सडकी म्हणून नाक मुरडतो, तिलाच इथे जुनी म्हणून मिरवतो. यात मला लाज वाटत नाही. हा धंदा मला एका पावसाळ्याने शिकवला, आणि त्या शिकवणीची फी मी आजही विसरलेलो नाही.

साल नेमकं सांगत नाही. एकोणीसशे पन्नास उलटून सहा-सात वर्षं झाली होती. पिंपरीत औषधाचा कारखाना नुकता उभा राहिला होता, चिंचवडच्या माळावर रोज नवीन कुंपण पडत होतं, आणि बाभळी तोडून झाल्या की तिथे इंग्रजी पाटी लागत होती. मी तेव्हा हातगाडीवर लाकूड विकत असे. मुळशी-मावळातून येणारे वेडेवाकडे ओंडके, पाडलेल्या घरांचे वासे, मिळेल ते. अशात एका कंपनीच्या स्टोअरमधून मला खोकी पुरवायला सांगितलं. पंपाची एंजिनं बाहेरगावी धाडायची, त्यांच्यासाठी जाड फळ्यांची खोकी. एक पावसाळा पुरवून दाखवा, स्टोअरचे साहेब म्हणाले, पसंत पडलं तर पुढे सगळं काम तुमचं. त्या एका पावसाळ्यावर माझी हातगाडी सुटणार की नाही हे ठरायचं होतं. आणि नेमकं त्याच सुमारास कळलं की गोमाकाका होरी विकतोय.

आमच्यात होडीला होरी म्हणतात. कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर खाडीच्या तोंडाशी आमचं गाव. वैशाख संपला की तिथल्या सगळ्या होऱ्या वर ओढून घेतात, दोन्ही बाजूंनी टेकू देतात आणि नारळाच्या विणलेल्या झापांनी घर शाकारावं तशा शाकारतात. त्याआधी अंगभर माशाचं तेल चोळतात. तो वास ज्याच्या नाकात एकदा बसला त्याच्या नाकातून उठत नाही. उष्ण, कडवट, आजारी माणसाच्या अंथरुणासारखा. बाहेर पाऊस कोसळत असायचा आणि झापांखाली होरीच्या पोटात कोरडा काळोख. माझा बाप दुपारी तिथे जाऊन झोपायचा. घरात त्याला झोप लागत नसे. मी हाक मारायला गेलो की आतूनच विचारायचा, भरती लागली का. पावसाळ्यात भरतीशी त्याचं काय काम होतं, कोण जाणे. पण मी पाण्यापर्यंत जाऊन बघून यायचो आणि सांगायचो.

ती होरी बापाची आणि काकाची मिळून होती. दोघांनी मिळून सागाचे सोट आणले, दोघे मिळून सुताराच्या उरावर बसले. माशाचे वाटे करताना होरीचे दोन, जाळ्याचा एक आणि प्रत्येक माणसाचा एक असा रिवाज. होरीचे दोन वाटे दोघा भावांत एकेक जात. त्यासाठी कधी कागद केला नाही. आमच्याकडे होरी कुणाची हे लिहीत नसत, ते सगळ्यांना माहीत असे. आणि माहीत असलेलं विसरायला वेळ लागत नाही.

एका भाद्रपदात होरी परत आली, बाप आला नाही. जाळं ओढताना पाण्यात गेला, वारा उलटा होता. सुकाणू काकाच्या हातात होतं. दोनदा वळसा घालून त्याने शोधलं आणि तिसऱ्यांदा घराकडे तोंड वळवलं. होरीत आणखी चार माणसं होती, ती त्याने जिवंत आणली. गावाने त्याला शहाणा तांडेल म्हटलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. दोनदाच का, हे मी आजतागायत विचारत आलो आहे. दोन वळसे म्हणजे किती वेळ, हेही मी पुढे दुसऱ्याच्या होरीत बसून पाहिलं. बिडी ओढून होते तेवढा.

पुढच्या पुनवेला होऱ्या पाण्यात लोटताना मी आमच्या होरीला खांदा लावायला गेलो. काकाने हाताने बाजूला सारलं. खलाशी कमी नाहीत म्हणाला. होरी पहिली मासळी घेऊन परत आली तेव्हा आई वाट्यासाठी टोपली घेऊन उभी होती. गेलं वर्षभर तिला होरीचा वाटा मिळत होता, निदान निम्मा तरी. काकाने मासळीचे ढीग केले, सगळ्यांचे झाले, आणि टोपली रिकामीच राहिली. आईने काही विचारलं नाही. मी विचारलं. तो मान वर न करता म्हणाला, "बापाचा वाटा बापासंगं बुडाला."

भोवती पंधरा माणसं होती. सगळ्यांनी आपापल्या टोपल्या उचलल्या. त्या संध्याकाळी काकूने आईकडे कोळंबी सोलायला पाठवून दिली, मजुरीवर. आईने ती सोलली. त्याचा राग मला काकावर आला त्याहून जास्त आईवर आला, आणि ती जाईपर्यंत मी तो तिला दाखवत राहिलो. पिंपरीत तिला माझ्याबरोबर आणलं तेव्हा ती आठवड्याच्या बाजारात सुकी मासळी बघून थांबायची. मी तिला हाताला धरून पुढे न्यायचो. मला गरज नाही, म्हणायचो. तिला होती की नाही हे विचारलं नाही. काकाने होरी विकायला काढली त्याच्या आदल्या हिवाळ्यात ती गेली.

होरी विकण्याचं कारण साधं होतं. शेजारच्या गावात एंजिनाच्या होड्या आल्या होत्या. शिडाची होरी वारा बघत बसायची, तोवर त्यांची मासळी बर्फात जाऊन मुंबईच्या वाटेला लागायची. काकाचे खलाशी एकेक करून तिकडे गेले. ज्या एंजिनांनी त्याला किनाऱ्यावर बसवलं, तसल्याच एंजिनांच्या खोक्यांसाठी मी त्याची होरी घ्यायला निघालो होतो. घाट उतरताना मला हे आठवून हसू येत होतं. आनंदाने नव्हे, पण येत होतं.

ज्येष्ठ मी मुद्दाम निवडला. जुनी होरी घ्यायची तर ती शाकारलेली असताना घ्यावी. तेव्हा ती पाण्यात घालून दाखवता येत नाही, कमाई बंद असते आणि पुनवेला दोन महिने असतात. विकणारा घाईत असतो, घेणारा नसतो. काका झापांच्या कडेला चूल पेटवून बसला होता. म्हातारा झाला होता. हातांची बोटं दोरांनी वाकलेली तशीच राहिली होती, रिकामी असली तरी काही धरल्यासारखी. मला बघून त्याने नाऱ्या म्हणून हाक मारली. बस म्हणाला नाही.

मी आत शिरलो. तोच वास, तोच काळोख. चाकू काढून फळ्या टोचत गेलो. साग लोखंडासारखा होता. तळाशी किड्याने केलेली दोन भोकं सापडली, पेन्सिल जाईल एवढी. त्या दोन भोकांवर मी दुपार काढली. बाहेर येऊन भोकं अशी सांगितली की जणू होरी चाळणी झाली आहे. किनाऱ्यावरची माणसं गोळा झाली. एकाने विचारलं, पिंपरीत काय म्हावऱ्याचा कारखाना काढतोयस का. सगळे हसले. मीही हसलो आणि भाव आणखी खाली आणला. काका प्रत्येक वेळी होरीकडे बघायचा, माझ्याकडे नाही, आणि थोडं खाली उतरायचा. विकणारा मालाकडे बघू लागला की सौदा संपला असं समजावं. सौदा संपला.

मग तो म्हणाला, "शाकार काढून टाकू. पावसात ऱ्हाव दे तिला दोन महिने. पुनवेला एकदा पाण्याला लावू, मंग मोड."

मला वाटलं, आला मुद्द्यावर. सौदा झाल्यावर असली विनंती आली की ती विनंती नसते. दोन महिने माल त्याच्या दारात, तोवर दुसरा कुणी जास्त देणारा भेटला की त्याचा शब्द हवेत. शिवाय मला फळ्या आठ दिवसांत चिंचवडला हव्या होत्या. पण त्या क्षणी फळ्यांहून मोठं काहीतरी माझ्या हाती लागलं होतं. त्याला काहीतरी हवं होतं आणि ते फक्त माझ्याकडे होतं. इतकी वर्षं मी त्या ठिकाणी पोचायचं स्वप्न पाहिलं होतं.

मी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "राहू दे पुनवेपर्यंत. फक्त एक बोल. यातली अर्धी माझ्या बापाची होती, एवढं या लोकांसमोर बोल."

चुलीवर पावसाचे थेंब पडून चर्र आवाज होत होता. माणसं पायांकडे बघत होती. काका उठला, होरीपाशी गेला, झापांखाली हात घालून तिच्या अंगावरून हात फिरवला आणि तो हात लुंगीला पुसला.

"मोड," म्हणाला.

गावातला कुणी होरीला कुऱ्हाड लावत नाही. मला ते माहीत होतं, म्हणून मी चिंचवडहून दोघं घेऊन गेलो होतो. एक परभणीकडचा करवत्या होता, त्याने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. तो पहिला दिवसभर पाण्याकडे बघत म्हणत होता, एवढं पाणी आन् आमच्याकडं प्यायला न्हाई. दुसऱ्या दिवशी त्याला सवय झाली. तीन दिवस होरी मोडली. काका रोज येऊन बसायचा. सुकाणू त्याने ज्येष्ठ लागायच्या आधीच काढून घरात नेऊन ठेवलं होतं, दरसाल नेतात तसं, आणि सौद्यात ते बोललं गेलं नव्हतं. मी मागितलं, त्याने ऐकलं न ऐकलंसं केलं. जाऊ दे म्हटलं, खोक्याला सुकाणू लागत नाही.

मोडताना दोनच गोष्टी मनात राहिल्या आहेत. फळ्या सुटताना खिळे ओरडतात तो आवाज, आणि सगळं ट्रकमध्ये चढल्यावर खाली उरलेली जागा. होरी जिथे उभी होती तिथली वाळू कोरडी होती, बरोबर होरीच्या आकाराची, पुढे टोकदार, मागे रुंद. भोवती सगळं भिजून काळं. ट्रक सुरू होईपर्यंत पावसाने ती जागाही भरून टाकली. काका तिथेच उभा होता. मी वळून बघितलं नाही असं लिहायचा मोह होतो, पण मी बघितलं.

तो आषाढ माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला महिना. खोकी तयार झाली, कंपनीच्या फाटकातून आत गेली. साहेबांनी फळीवर टिचकी मारली आणि म्हणाले, भाऊ, लाकूड कुठून पैदा करता. मी नुसता हसलो. त्या महिन्यात मी पिंपळे गुरवला वखारीसाठी जागा बघून आलो, ती लहान वाटली, मग चिंचवडची बघितली. रस्त्यावर ओळखीचे लोक राव म्हणू लागले होते.

श्रावणात साहेबांनी बोलावून घेतलं. ऊन-पावसाचे दिवस, हवा ओली. स्टोअरमध्ये थप्पी लावून ठेवलेल्या खोक्यांच्या फळ्या घामेजल्या होत्या. आधी मला छप्पर गळतंय असं वाटलं. छप्पर कोरडं होतं. साहेबांनी एक खोकं उघडलं. आतलं नवंकोरं एंजिन तांबूस झालं होतं, खिळ्यांभोवती काळी वर्तुळं. त्यांनी फळीवरून बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि ते बोट माझ्यासमोर धरलं. "चाखा," म्हणाले. सगळा स्टाफ बघत होता. मी चाखलं नाही. मला चव माहीत होती.

खारं लाकूड मीठ सोडत नाही. कोरड्या दिवसांत गप्प बसतं आणि हवा ओली झाली की पाणी ओढून घेतं आणि लोखंड खातं. किनाऱ्यावर हे सगळ्यांना माहीत असतं. मला नव्हतं. होरी मोडणं एका माणसाच्या हयातीत एकदा होतं, आणि मी गाव सोडलं तोवर माझ्या डोळ्यांदेखत कुणी मोडली नव्हती. मोडायच्या होरीचा शाकार काढून तिला एक पावसाळा उघड्यावर गोड पाण्याने धुऊ देतात, मग लाकूड हात लावायच्या लायकीचं होतं. मी झापांखालची, तेल चोळलेली, मिठाने भरलेली होरी कोरडीच उचलून आणली होती. काकाने मागितलं होतं तेच माझ्या फायद्याचं होतं, आणि मी त्यात डाव शोधत बसलो.

काम गेलं. खोकी माझ्या अंगावर परत आली. निघोज्याला इंद्रायणीकाठी बबनरावाची छपराखालची, पावसाळ्यातही धुमसणारी वीटभट्टी होती, त्याला सरपण म्हणून फळ्या द्यायला गेलो. त्याने दोन फळ्या लावून बघितल्या. त्या तडतडल्या, ठिणग्या उडाल्या, जाळ हिरवट झाला. बबनराव मागे सरकला. "राव, ह्ये लाकूड हाय का कुणाची करणी," म्हणाला. "आमाला न्हाई पायजे." शेवटी फुकट दिल्यावर घेतलं. बापाने दुपारी ज्या फळ्यांवर पाठ टेकली, त्या त्या भट्टीत हिरव्या जळताना मी उभा राहून बघितल्या. डोळ्यांत पाणी आलं ते धुराचं होतं.

तिथून घरी न जाता मी थेट किनाऱ्यावर गेलो. पोचलो त्या दिवशी पुनव होती. सगळ्या होऱ्या रंगवलेल्या, बायका नटलेल्या, ताशा वाजत होता. मी काकाला गर्दीत गाठलं आणि तोंडाला येईल ते बोललो. चोर म्हणालो, भावाचा मारेकरी म्हणालो. माहीत असून सांगितलं नाहीस, म्हणालो. ताशा थांबला.

तो शांत होता. "सांगितलं. पावसात ऱ्हाव दे बोललो."

"कारण का नाही सांगितलंस?"

"तुज्या बापाला सांगाया लागलं नसतं."

मग तो घरात गेला आणि सुकाणू घेऊन आला. उचलवत नव्हतं, तरी कुणाला हात लावू दिला नाही. वाळूत दोन ओंडक्यांवर आडवं ठेवलं, दोन्ही बाजूंनी धरायची लांब करवत आणली आणि सगळ्यांकडे बघून म्हणाला, "होरी अर्धी हिराजीची व्हती. आयकलं सगल्यांनी?" हिराजी माझ्या बापाचं नाव. मग माझ्याकडे वळला. "धर तिकडचं टोक. तुजं अर्धं घे न् जा."

मला निघून जाता आलं असतं. पण करवत समोर होती आणि पंचवीस-तीस माणसं बघत होती. मी टोक धरलं. त्याने ओढलं, मी ओढलं. साग कठीण होता, आणि एका लयीत ओढल्याशिवाय करवत अडते, म्हणून आम्हाला लय धरावी लागली. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. भुसा ओला आणि काळपट पडत होता. सबंध आयुष्यात काकाबरोबर मी केलेलं ते एवढंच काम. सुकाणू उभं चिरून दोन झालं. कुणाच्याही कामाचं उरलं नाही.

इतकी वर्षं मला जे हवं होतं ते त्याने दिलं, चार लोकांत दिलं, पण होरी राख झाल्यावर दिलं. मला जन्मात घासाघिशीत एकाच माणसाने हरवलं आहे. तो हिवाळ्यात गेला. त्याच्या वाटणीचं अर्धं त्याच्याबरोबर चितेवर ठेवल्याचं मला गावातून आलेल्या एकाने सांगितलं. ते कसं जळलं असेल हे मला विचारावं लागलं नाही.

पुढे मी जुन्या होड्यांचा धंदा त्याच किनाऱ्यावर केला, रत्नागिरीपर्यंत गेलो. आता माझ्याकडे आलेलं लाकूड पावसाळाभर वखारीत उघडं पडून धुतलं जातं. विकणारे म्हातारे अजूनही तेच मागतात, पुनवेला एकदा पाण्याला लावू द्या. मी नाही म्हणत नाही. लावा म्हणतो, आणि तेवढं भावातून कापतो. कुणी कुरकुरत नाही. त्यांनाही वाटतं, शेठने मान ठेवला.

माझं अर्धं वखारीच्या दारात उभं आहे. एसटीच्या टपावर बांधून घाट चढवून आणलं होतं. त्यानंतरचे सगळे पावसाळे त्याने अंगावर घेतले. मीठ कधीच धुऊन गेलं, आता श्रावणातही ते कोरडं असतं. परवा एक हॉटेलवाला त्याच्यापाशी थांबला. हात फिरवला, चिरलेली सपाट बाजू बघितली आणि विचारलं, छान आहे, पण याचं दुसरं अर्धं कुठे आहे?

मी म्हणालो, "आधी याचा भाव बोला."